दहावीचं वर्ष आणि सिनेमाची ऑफर: पोरीला पाठवू का?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी पंधरा वर्षांची, नववीत. शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकाचा व्हिडिओ कुणीतरी पुढे पाठवला, तो फिरत फिरत एका मराठी सिनेमाच्या टीमपर्यंत गेला, दोन ऑडिशन झाल्या आणि मेन रोलसाठी तिलाच घ्यायचं ठरलं. शूटिंग दिवाळीनंतर, दोन शेड्यूल मिळून साधारण पंचेचाळीस दिवस, म्हणजे ऐन दहावीच्या वर्षात. वडील पतसंस्थेत नोकरीला, त्यांचं सरळ नको आहे. सासूबाई म्हणतात पुढे लग्न जमवताना त्रास होईल. आई घरी शिवणकाम करते, धाकटा मुलगा पाचवीत. ती लिहिते, "'सैराट'च्या रिंकू राजगुरूसारखं झालं तर पोरीचं सोनं होईल, नाही झालं तर तेलही जाईल आणि तूपही. ती तर हो म्हणतेच. पैशाचं विचारलं तर बघू म्हणतात. आठवड्यात उत्तर द्या म्हणालेत. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. त्यात तुमचे मिस्टर काय म्हणतात ते आहे, सासूबाई काय म्हणतात ते आहे, शेजारच्या काकू आणि शाळेतले सर काय म्हणतात तेही आहे, आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललंय तिच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, "ती तर हो म्हणतेच". माझी सुरुवात इथूनच आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला एवढ्या मुलींमधून निवडलं म्हटल्यावर ती हो म्हणणारच हो, कोण नाही म्हणेल, पण त्या हो मध्ये नक्की काय आहे हे तिच्याशी निवांत बसून कुणी बोललंय का? तिला अभिनय करायला आवडतो, की आपल्याला निवडलं याचा आनंद झालाय? दोन्ही चांगलंच आहे, पण पहाटे उठून मेकअपला बसायचं आणि एकच वाक्य उन्हात दहा वेळा म्हणायचं तर पहिलं असावं लागतं. तिला एक विचारा. सिनेमा पूर्ण झाला आणि थेटरला लागलाच नाही, तरी हे पंचेचाळीस दिवस तुला करायचेत का? हा प्रश्न मी उगाच काढत नाहीये, मराठीत बनून पडून राहिलेले सिनेमे खूप आहेत, लागले तरी आठवड्यात उतरतात. तरीही करायचंय असं ती म्हणाली तर तो खरा हो समजा. आणि थोडी गप्प झाली तर तिला वेळ द्या, रागवू नका, आधी हो म्हणालीस मग आता काय असं तर अजिबात म्हणू नका.

आता रिंकूचं. तुमच्यासारख्या खूप घरांत हे नाव निघतं, साहजिक आहे. अकलूजसारख्या गावातली शिक्षक आईवडिलांची मुलगी, एप्रिल २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा पंधराही पूर्ण नव्हती, आणि सिनेमा लागायच्या आधीच राष्ट्रीय पुरस्कारात तिच्या कामाचा विशेष उल्लेख झालेला. शंभर कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला मराठी सिनेमा. ही गोष्ट आपण सगळे इथपर्यंतच सांगतो. पण ताई, तुम्हाला उपयोगाचा भाग याच्या पुढचा आहे.

सिनेमानंतर तिच्याभोवती इतकी गर्दी व्हायला लागली की रोजच्यासारखं शाळेत जाणं अवघड झालं. मग तिनं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, २०१७ साली, आणि ६६.४० टक्के पडले. तेव्हाही लोकांनी त्या मार्कांची चर्चा केलीच, हिरोईनला किती पडले वगैरे. पण ती तिथे थांबली नाही, बारावीही केली, ८२ टक्के मिळाले २०१९ ला. आणि मधल्या काळात काय? 'सैराट'चाच कन्नड रिमेक केला २०१७ मध्ये, आणि पुढचा मराठी सिनेमा 'कागर', तो आला एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे बारावीची परीक्षा उरकल्यावर. मराठीतला सगळ्यात मोठा हिट नावावर असताना पुढच्या मराठी सिनेमासाठी तीन वर्षं गेली! आजूबाजूला लोक काय काय म्हणत असतील याचा विचार करा, लोखंड गरम आहे तोवर, लोक विसरतील, वगैरे. लोक विसरले नाहीत. पुढे तिनं हिंदीत वेब सिरीज केली लारा दत्तासोबत, 'झुंड'मध्ये दिसली, 'झिम्मा २'मध्ये दिसली, काम चालू आहे. म्हणजे ज्या मुलीचं नाव घेऊन आपण शाळा की सिनेमा असा प्रश्न विचारतो, त्या मुलीनं हा प्रश्न तसा सोडवलाच नाही, दोन्ही केलं, फक्त एकाच वेळी सगळं केलं नाही.

अजून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते जी फारशी बोलली जात नाही. त्या सिनेमाचं बरंचसं शूटिंग करमाळा भागात झालं, तिच्याच सोलापूर जिल्ह्यात. बोलायला तिचीच बोली होती. दिग्दर्शक नागराज मंजुळे त्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलीला ओळखीची माती आणि तोंडातली भाषा मिळणं हा फार मोठा आधार असतो. तेव्हा तुमच्या टीमला विचारा, शूटिंग कुठे आहे, राहायचं कुठे, ती जशी बोलते तसंच बोलायचंय की भाषा बदलायची, बदलायची तर शिकवणार कोण आणि किती दिवस आधी. वर्कशॉप घेणार नसतील आणि थेट सेटवर या म्हणत असतील तर मला ते बरं लक्षण वाटत नाही.

आणि संधी एकदाच येते हे वाक्य. तुमच्या पत्रात ते दोनदा आलंय. सिनेमावाले पण हेच म्हणतात कारण त्यांना तारखा लावायच्या असतात, त्यांचंही चूक नाही. पण स्मिता पाटील बघा. पुण्यात जन्म, घरचं वातावरण राष्ट्र सेवा दलाचं, म्हणजे समाजकार्याचं, आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची, तिथून दिग्दर्शक श्याम बेनेगलांच्या नजरेत आली आणि पहिले सिनेमे आले तेव्हा विशीच्या आसपास होती. २१-२२ व्या वर्षी 'भूमिका' केला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मुक्ता बर्वे चिंचवडची, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक रीतसर शिकून मग या क्षेत्रात आली. दोघींपैकी कुणीच पंधराव्या वर्षी हिरोईन नव्हती. तुमच्या मुलीत खरंच काही असेल, आणि दोन ऑडिशनमधून निवडली म्हणजे असणारच, तर ते अठराव्या वर्षीही असेल. मी नाही म्हणा असं सांगत नाहीये. घाबरून हो म्हणू नका एवढंच म्हणतेय, हातची गेली तर या भीतीनं घेतलेल्या निर्णयात माणूस अटी घालायला विसरतो.

दुसरं टोकही सांगते. झायरा वसीम, श्रीनगरची मुलगी, 'दंगल' आला तेव्हा सोळा वर्षांची, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि जून २०१९ मध्ये, अठराव्या वर्षी, तिनं हे क्षेत्र सोडतेय असं जाहीर केलं. कारण तिचं स्वतःचं, श्रद्धेशी जोडलेलं, आपण त्यावर बोलायची गरज नाही. तिच्या जाण्यावरही लोकांनी केवढा गदारोळ केला. मला त्यातून एवढंच दिसतं की चांगलं चाललेलं असतानाही मुलीला नको वाटू शकतं आणि तेव्हा तिला नको म्हणता आलं पाहिजे. तुमच्या मुलीला आजच सांगून ठेवा, एक सिनेमा केला म्हणजे जन्मभर हेच करायचं असं काही नाही.

बरं, आता दहावी. तुम्ही गृहीत धरलंय की शूटिंगच्या तारखा दगडावरची रेघ आहेत. तुम्ही त्यांना विचारलंय का बदलून मिळतील का? पत्रात तरी नाहीये. मेन रोल तिचा आहे, प्रत्येक दिवशी ती लागणार आहे, म्हणजे तारखांबद्दल बोलायचा सगळ्यात जास्त हक्क तुमचाच आहे. माझ्या मते एक शेड्यूल दिवाळीच्या सुट्टीला जोडून घ्यावं आणि दुसरं बोर्डाची परीक्षा संपल्यावर, मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये. जानेवारी अजिबात देऊ नका, तेव्हा पूर्वपरीक्षा असते, मग तोंडी आणि प्रॅक्टिकल, आणि हल्ली लेखी फेब्रुवारीतच सुरू होते. उलट अजून चांगलं म्हणजे आत्ता नववी संपल्यावर मे महिन्याच्या सुट्टीत एक शेड्यूल होतंय का बघा. नाहीच जमलं, सिनेमात दिवाळीनंतरचाच ऋतू हवाय, पिकं उभी हवीत, असं काही खरं कारण असेल, तर मुख्याध्यापकांकडे जाऊन हजेरीचं आधीच बोला, तोंडी नाही, अर्ज देऊन. १७ नंबरचा फॉर्म हा रस्ता आहेच पण तो मी शेवटचा ठेवीन. त्यासाठी शाळेचा दाखला काढावा लागतो, रोजच्या मैत्रिणी आणि बाई सुटतात, आणि सिनेमा संपल्यावर परत जायला तिची नेहमीची जागा असणं या वयात फार गरजेचं असतं. रिंकूला गर्दीमुळे तो रस्ता घ्यावा लागला, तुमच्यावर ती वेळ अजून आलेली नाही. आणि समजा एखाद्या विषयात मार्क कमी पडले तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, म्हणजे वर्षच गेलं असं होत नाही, हे मिस्टरांनाही सांगा कारण त्यांच्या भीतीचा अर्धा भाग हाच दिसतोय मला.

मिस्टरांना विरोधक समजू नका बरं का. ते नको म्हणतात यामागे काय आहे ते त्यांनी सांगितलेलं नाही आणि तुम्ही विचारलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. पतसंस्थेत काम करणारा माणूस आहे, रोज कागद बघतो, कुणी कर्ज मागायला आलं तर जामीनदार कोण विचारतो. इथे समोरचा म्हणतोय पैशाचं बघू! त्यांना अस्वस्थ वाटणारच. त्यांना या कामात घ्या, कागदाची बाजू त्यांच्याकडे द्या.

आणि कागदाचं खरंच खूप आहे. आधी माणसं खरी आहेत का ते बघा. निर्माता कोण, आधी काय केलंय, सिनेमाचं नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात नोंदवलंय का, हे विचारलं तर खऱ्या माणसाला राग येत नाही. रजिस्ट्रेशन फी, पोर्टफोलिओचे पैसे, कार्डाचे पैसे, असं काहीही तुमच्याकडून मागितलं तर तिथेच थांबा, काम देणारा पैसे देतो, घेत नाही. तुमच्याकडे अजून कुणी मागितलेले दिसत नाहीत पण हे पत्र वाचणाऱ्या बऱ्याच आईबाबांकडे मागितले असतील, म्हणून लिहितेय.

मग करार. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं स्वतः केलेला करार आपल्याकडे कायद्यानं चालत नाही, म्हणजे सही तुमची पालक म्हणून होणार, म्हणजे जबाबदारीही तुमची. मसुदा मराठीत मागा, न समजणाऱ्या कागदावर सही करू नका, आणि तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या एखाद्या वकिलाला दाखवा, त्याची जी फी असेल ती द्या. त्यात काय बघायचं, तर पैसे किती आणि कधी कधी मिळणार, आणि डबिंगला आणि प्रमोशनला किती दिवस जायचं, कारण शूटिंगचे पंचेचाळीस दिवस सगळे धरतात पण सिनेमा लागताना गावोगाव फिरवतात ते दिवस कुणी धरत नाही आणि ते नेमके परीक्षेत आले तर? परीक्षेच्या तारखांना बोलावणार नाही हे लिहून घ्या. पुढचे दोन-तीन सिनेमे आमच्याकडेच करायचे असं एखादं वाक्य मध्येच असतं, ते काढायला लावा. आणि पूर्ण स्क्रिप्ट वाचल्याशिवाय सही नाही. तुम्ही वाचा, तिनं वाचावी, मिस्टरांनी वाचावी. जवळिकीचे, कपड्यांचे, मारहाणीचे, पाण्यातले, गाडी चालवण्याचे सीन असतील तर ते कसे घेणार ते विचारा, आणि सेटवर ऐनवेळी काही नवीन घातलं तर तुम्हाला विचारल्याशिवाय होणार नाही हेही कागदावर येऊ द्या.

कामाचे तास. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी नियम स्पष्ट आहेत, दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मिळालेल्या पैशातले किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावे लागतात जे त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. तुमची मुलगी चौदाच्या पुढची, तिला हे जसंच्या तसं लागू नाही. पण चौदा ते अठराच्या मुलांसाठीही बाल व किशोरवयीन कामगार कायद्यात आहे की विश्रांती धरून सहा तास आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. सेटवर मात्र बारा तासांची शिफ्ट चालते, तिथे तुम्ही गप्प बसलात तर तीही बारा तास बसणार. म्हणून तास आधीच बोलून लिहून घ्या. संकोच करू नका, पहिल्याच भेटीत विचारलं की पुढचे सगळे दिवस सोपे जातात.

पैशांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ते तिचे आहेत. सगळे. घराचे हप्ते, भावाची फी, दारातली गाडी, यातलं काही तिच्या मानधनावर उभं करू नका, कारण त्या दिवसापासून तिला नको म्हणता येणार नाही. तिच्या नावानं खातं काढा, पॅन कार्ड काढा, अल्पवयीन असलं तरी निघतं. स्वतःच्या कलेतून मुलानं मिळवलेलं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात धरत नाहीत, त्याचं वेगळं रिटर्न भरता येतं, हे तुमच्या मिस्टरांना कदाचित माहीतही असेल. बालकलाकारांना २० टक्क्यांचा नियम आहे तर तुम्ही घरात १०० टक्क्यांचा करा, फक्त तिच्यासोबत राहण्याचा तुमचा खर्च त्यातून घेऊ नका, तो निर्मात्याकडून घ्या, प्रवास, राहणं, जेवण, दोघींचं.

हो, दोघींचं, कारण कुणीतरी सोबत असणारच, त्यात तडजोड नाही. आणि ते तुम्हीच असलं पाहिजे असंही नाही. पत्रात तुम्ही लिहिलंय की शिवणकाम बंद करून जाईन. नका बंद करू. गिऱ्हाइकं परत मिळवायला वर्षं जातात आणि तुमचा स्वतःचा पैसा हा त्या घरातल्या तुमच्या आवाजाचा भाग आहे. मावशी, आत्या, मोठी चुलत बहीण, आळीपाळीनं जाता येईल. जो जाईल त्यानं मॉनिटरच्या मागे उभं राहून कौतुक करत बसायचं नाही, कपडे बदलायला बंद होणारी खोली आहे का, शौचालय धड आहे का, पाळी आली तर काय सोय, रात्री खोलीवर कोण सोडतं, हे बघायचं. सेटवर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती आहे का आणि त्यात कोण आहे हे पहिल्याच दिवशी विचारायचं. अठरा वर्षांखाली पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, मुलांसाठी १०९८ हेल्पलाइन आहे, हा नंबर तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये असू द्या. आणि तिला सांगा की तुला काही विचित्र वाटलं तर शूटिंग थांबलं तरी चालेल, कुणाचे किती लाख गेले याची काळजी तू करायची नाही.

सासूबाईंच्या लग्नाच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं स्पष्ट बोलते. मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिच्या लग्नाचा हिशोब आज कुठल्याच निर्णयात धरू नका, ना हो म्हणताना ना नाही म्हणताना. पण त्यांच्याशी भांडू नका. त्यांनी जे जग पाहिलंय त्यात सिनेमात गेलेल्या बाईला लोक काय म्हणायचे ते त्यांनी ऐकलंय. त्यांना स्क्रिप्टची गोष्ट सांगा, नातीकडून एखादा प्रवेश करून दाखवायला सांगा. त्यांना एकदा शूटिंग बघायलाही न्या.

लोक बोलतील, ते खरंय. आधी गावात कौतुक होईल, मग रंगावरून, वजनावरून, बोलण्यावरून कमेंट येतील, मग सिनेमा चालला नाही तर हसतील. तिचं सोशल मीडिया अकाउंट अठरापर्यंत तुमच्यापैकी कुणीतरी सांभाळा आणि कमेंट तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका, चांगल्याही नको. शूटिंग संपल्यावर ती नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या बाकावर बसली की सुरुवातीला तिला कंटाळा येईल, चिडचिड होईल, हे होतंच, महिना दीड महिना जाऊ द्या.

आणि ही टीम तारखांवर, तासांवर, सोबतीवर काहीच ऐकत नसेल तर नाही म्हणा, आणि ते नाही तिच्याशी बोलून म्हणा. पण मग नुसतं नाही म्हणून सोडू नका. राज्य बालनाट्य स्पर्धा आहे, कॉलेजात गेली की एकांकिका आहेत, पुण्यात गेली तर पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा आहे, पुढे ललित कला केंद्र आहे, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी आहे. तिच्यातलं जे त्या टीमला दिसलं ते घरच्यांनाही दिसलंय हे तिला कळलं पाहिजे, नाहीतर तिला कायम वाटत राहील की माझं दार यांनी लावलं.

आठवड्याची मुदत म्हणालात ना, तर त्यांना उद्याच फोन करा आणि सांगा की आमची बोलायची तयारी आहे, पूर्ण स्क्रिप्ट, कराराचा मसुदा आणि तारखांचा तक्ता पाठवा, मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर देतो. फोन मिस्टरांनी केला तर अजून उत्तम. आणि आज रात्री जेवणं झाली की तुम्ही, मिस्टर आणि ती असं तिघांचं बोलणं करा, तिला आधी बोलू द्या.